दर रविवारी सुरू होणारी गाडी

गाडी आमची नव्हती, आणि आम्हा दोघांपैकी एकालाही ती चालवता येत नव्हती. गाडी मुलाची. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी त्याने किल्ली ह्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "बाबा, दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, मग आम्ही आलोच." ह्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. आधी हँडब्रेक बघणे, मग गिअर मोकळा आहे का ते बघणे, मग किल्ली फिरवणे. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. तोंडी सूचनेवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. त्याच्या आधी दीड वर्ष मुलाने मांजरीला फ्लॅट घेतला होता. हडपसरच्या बाजूला त्याच्या कंपनीचं ऑफिस, म्हणून तिथून जवळ. आम्ही शनिवार पेठेतल्या दोन खोल्या सोडून त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा मी शिकवायचे त्या शाळेतल्या एका जुन्या बाईंनी मला विचारलं होतं, "मांजरी? म्हणजे पोस्टाने पत्र येतं ना तिथे?" पेठेतल्या माणसाला पेठेबाहेर राहणारा माणूस परगावचाच वाटतो. मीही त्यातलीच होते, खोटं कशाला बोलू? आमच्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना ऊस होता. गच्चीवरून बघितलं की हिरवंगार, आणि संध्याकाळी वारा सुटला की त्याची सळसळ थेट चौथ्या मजल्यावर ऐकू यायची. आता तिथे सगळे टॉवर झाले आहेत. ती सळसळ मला अजून आठवते आणि आठवली की हे आठवतात, कारण हे तासन् तास बाल्कनीत बसून तीच ऐकायचे.

दुसरं काम नव्हतं त्यांना. हे टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. जमिनीखालच्या जाड केबलमध्ये शेकडो बारीक तारा असतात; त्यातली एकेक जोडी ओळखून, सोलून, पिळून दुसऱ्या टोकाच्या जोडीला जोडायची, हे त्यांचं काम. रस्त्याच्या कडेला खड्डा, वर ताडपत्रीचा तंबू आणि आत मांडी घालून बसलेले हे. मी शाळेतून येताना कितीदा तरी त्या तंबूत डोकावून डबा दिला आहे. एकदा बसले की मान वर करायचे नाहीत. निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, असं तोंडातल्या तोंडात चाललेलं असायचं. शेजारून मिरवणूक गेली तरी ह्यांना पत्ता नसायचा. पेठांमध्ये केबल तुटायची ती बहुतेकदा उंदरांमुळे. धान्याची दुकानं, जुनी गटारं, सगळीकडे पोसलेले उंदीर. "माझी निम्मी नोकरी त्यांच्या जिवावर चालली आहे," असं हे म्हणायचे.

त्या दिवसांत फोनसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची. ह्यांच्या हातात फोन द्यायची सत्ता काडीची नव्हती, पण लोकांना ते कुठे माहीत? रस्त्यात माणसं थांबवून "आमचा कधी लागणार हो?" म्हणून विचारायची. लग्नाला गेलो की यजमान ह्यांना पहिल्या पंगतीला बसवायचे. मग बघता बघता मोबाइल आले. ज्यांनी दहा-दहा वर्षं वाट बघितली होती, तेच लोक खात्यात जाऊन फोन परत करू लागले. ह्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. घरी आलेल्या पहिल्या सोमवारी सकाळी सात वाजता तयार होऊन बसले आणि कुठे जायचं ते न कळून पुन्हा कपडे बदलून आले. मी चहा ठेवला.

म्हणून गाडीचं काम आलं ते मला मनापासून बरं वाटलं. रविवारी सकाळी आठला मुलाचा फोन यायचा. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र. पावणेआठपासून हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मीही बरोबर जायचे. हे ड्रायव्हरच्या जागेवर, मी शेजारी, मांडीवर पर्स. कुठे जायचं नाही, काही नाही. फोन वाजला की मी उचलायचे, हे वहीत बघून किल्ली फिरवायचे आणि इंजिन लागलं की मी मोबाइल खिडकीतून बाहेर धरायचे. "ऐकू येतंय का रे?" हे ओरडून विचारायचे. तिकडून मुलगा म्हणायचा, "मस्त, बाबा. एकदम स्मूथ." मग दहा मिनिटं हे त्याच्याशी तिथल्या थंडीबद्दल आणि इथल्या पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचे, आणि घड्याळ बघून बरोबर अकराव्या मिनिटाला इंजिन बंद. सूनबाईशी मी वर आल्यावर बोलायचे.

सोसायटीतली तरुण मंडळी आम्हाला हसायची, हे मला कळत होतं. हसेनात का. रविवारची ती दहा मिनिटं मुलगा आमच्या मागच्या सीटवर बसल्यासारखा वाटायचा.

जानेवारीत एका रविवारी किल्ली फिरवली आणि गाडी हूं की चूं करेना. हे पुन्हा वहीत बघायला लागले. फोनवर मुलगा "हॅलो, हॅलो" करतोय. मी त्याला सांगितलं की मागून करते फोन. तेवढ्यात आमच्या सोसायटीचा वॉचमन आला. मांजरीचाच, साठीकडे झुकलेला, त्याची स्वतःची दीड एकर शेती सोसायटीच्या भिंतीला लागून. त्याने बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "खाल्ल्या की वायरी. उंदरं हायत."

"इथे उंदीर कुठून आले?" मी विचारलं.

"कुठनं म्हंजी? परवा कारखान्याची टोळी आली, समदा ऊस तुटला न्हाय का. ऊस तुटला की उंदरं हिकडंच येणार, काकू. त्यांनी जायाचं कुठं?"

मला तो प्रश्न बरोबर वाटला. पण हे गाडीत वाकून बघत होते. मांजरीत राहायला येऊन उंदरांनी छळावं, ह्यावर मी एक चांगला टोमणा तयार ठेवला होता, तो त्यांचा चेहरा बघून गिळला.

हमरस्त्यावरच्या गॅरेजमधून मेकॅनिक आला. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला: अख्खी वायरिंग बदलायची, कंपनीतून मागवायची, महिना लागेल. "अरे, चौदा तर तारा तुटल्यात," हे म्हणाले. "जोडता येतील की." मेकॅनिक हसला. "काका, हे काय टेलिफोनचं काम आहे का? सेन्सरच्या वायरी आहेत. जोडाजोडी नाही चालत." त्याला बिचाऱ्याला माहीत नव्हतं कोणाशी बोलतोय ते. ह्यांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि वर येऊन माळ्यावरून खात्यातली कॅनव्हासची पिशवी काढली.

ते तीन दिवस मी कधीच विसरणार नाही. वॉचमनच्या खोलीतून वीज घेतली, सोल्डर तापवायला ठेवला, खाली पोतं टाकलं आणि हे बसले. मी डबा घेऊन खाली गेले, तर बॉनेटखालून तोच जुना जप ऐकू आला, फक्त रंग निराळे. इतक्या वर्षांनी ऐकला. चौथ्या दिवशी रविवार नव्हता तरी ह्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी लागली. खाली उतरून माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मी लग्न ठरल्यावर एकदा बघितला होता आणि मुलगा झाल्यावर एकदा.

मग काय, सोसायटीत बातमी पसरली. ऊस तुटल्यापासून आणखी पाच-सहा गाड्यांचं तेच झालेलं. आयटीत काम करणारी ती पोरं, "अंकल, प्लीज एकदा बघता का, ऑफिसला लेट होतंय" म्हणत दार वाजवायला लागली. हे सकाळी साडेसातला पिशवी घेऊन खाली उतरायचे आणि जेवायला वर यायचे. नागपूरकडून आलेलं एक तरुण जोडपं होतं, त्यांच्या गाडीला ह्यांनी दोनदा जॉइंट मारले. त्यांनी घरून आलेली संत्री आणून दिली. पुन्हा माणसं ह्यांना रस्त्यात थांबवून विचारू लागली. मला वाटतं, त्या उंदरांनी ह्यांचं वय दहा वर्षांनी कमी केलं.

वॉचमनने उपाय सांगितला होता: तंबाखू. कापडात बांधून इंजिनात ठेवायची, वासाने उंदीर फिरकत नाहीत. म्हणून जन्मात सुपारीसुद्धा न खाल्लेले हे पानपट्टीवर जाऊन पाव-पाव किलो तंबाखू आणू लागले आणि मी जुन्या सुती साड्यांच्या पुरचुंड्या शिवू लागले. पानपट्टीवाला ह्यांच्याकडे काळजीने बघायचा म्हणे. पहिल्या पंधरवड्यात उंदीर खरंच आले नाहीत. पुढच्या पंधरवड्यात त्यांनी एक पुरचुंडी फाडून तिचं घरटं केलं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मुलाचा फोन आला. रविवार नव्हता. त्या वेळी हे रोज फिरायला जातात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणाला, "आई, एकटीच आहेस ना?" मला त्याच क्षणी कळलं. आईला कळतं वगैरे मी म्हणणार नाही. त्याचा आवाजच तसा होता, लहानपणी पाटी फोडून आल्यावर असायचा तसा. कंपनीने त्याच्या ग्रीन कार्डचे कागद पाठवले होते. ते दोघं तिथे घर बघत होते. दोन वर्षांनी परत यायचं आता नव्हतं. "बाबांना तू सांग, आई. रविवारी ते इंजिनचा आवाज ऐकवतात ना, मला नाही गं जमत बोलायला." मी म्हणाले, "सांगते." फोन ठेवला आणि भाजीला फोडणी घातली. हे आले, जेवले, "भाजी खारट झाली का गं?" एवढंच म्हणाले.

मी सांगितलं नाही. त्या रात्रीही नाही, त्या महिन्यातही नाही. तीनदा सुरुवात केली. एकदा तर "अहो, जरा बसा, एक बोलायचंय" इथपर्यंत आले होते, तर हे म्हणाले, "थांब, आधी माझं ऐक," आणि त्यांनी सांगितलं की त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आहे. बासष्टाव्या वर्षी! का, तर मुलगा परत येईल तेव्हा मुंबईच्या विमानतळावर त्याला आणायला टॅक्सी का करायची? त्याची गाडी आहे, बाप आहे. "तुला काय बोलायचं होतं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "काही नाही, गॅस संपत आलाय."

रोज सकाळी सहा वाजता शिकवणारा यायचा, ह्यांच्याहून निम्म्या वयाचा, आणि हे त्याला "सर" म्हणायचे. क्लच सोडताना पाय थरथरायचा म्हणून घरी खुर्चीत बसून सराव करायचे. लायसन्स त्यांना पुढे मिळालं, दुसऱ्या खेपेला. मग कितीतरी वर्षं ते मला त्याच गाडीतून शनिवार पेठेत नेत असत, ताशी वीसच्या वेगाने, मागे हॉर्नचा कल्लोळ चालू असताना. मला काचेतून बाहेर बघायला पुरेसा वेळ मिळायचा. ते दिवस सुखाचे होते. पण तेव्हा, त्या उन्हाळ्यात, ह्यांना खुर्चीत बसून हवेत क्लच दाबताना बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून जायचे. मुलगा दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी विचारायचा, "सांगितलंस का?" मी त्याच्यावरच डाफरायचे, "एवढी घाई असेल तर तूच सांग ना!"

आता जे केलं ते सांगते. ह्यात शहाणपण काही नव्हतं.

मला वाटलं, गाडी नसती तर सोपं झालं असतं. रविवारची ती दहा मिनिटं नसती, विमानतळाचा बेत नसता, मग ते बोलणं आपोआप निघालं असतं आणि इतकं लागलं नसतं. गाडी विका म्हणावं तर कारण द्यावं लागणार. पण उंदरांनीच ती पार निकामी केली, तर? तर हे स्वतःच कधीतरी कंटाळून म्हणतील, जाऊ दे, काढून टाकू. मग मी सांगेन.

पोळ्या करून झाल्या की शेवटी थोडी कणीक उरते. त्या शेवटच्या उंड्याची मी लहान, तळहाताएवढी पोळी करते. मुलगा लहान असताना ती त्याची असायची. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तिच्यासाठी भांडायचा. तो मोठा झाला, लग्न झालं, परदेशी गेला, तरी माझ्या हाताची सवय गेली नव्हती. रोज ती पोळी व्हायची आणि रोज उरायची. ती मी घ्यायला लागले. दुपारी जेवणं झाली की एक ते चार हे झोपायचे. पेठेतली सवय; तेव्हा घराला आग लागली तरी हाक मारायची नाही. सोसायटीही सामसूम असायची. मी गाडीची किल्ली घेऊन, पायात चपला न घालता चार जिने उतरायचे, बॉनेट जेवढं उघडता येईल तेवढं उघडून ती पोळी आत सरकवायचे आणि वर यायचे. पाचच मिनिटांचं काम. जन्मभर शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलं आणि साठीला टेकल्यावर चोरासारखी जिने उतरत होते.

आणि संध्याकाळी त्याच हातांनी तंबाखूच्या पुरचुंड्या शिवत होते.

उंदीर आले. नुसते आले नाहीत, आमच्याच गाडीत वस्तीला आले. बाकीच्यांच्या गाड्यांना महिन्यात काही झालं नाही, आमच्या गाडीच्या वायरी दर आठवड्याला. पण माझा हिशेब सपशेल चुकला. हे कंटाळले नाहीत. आदल्या आठवड्यात जोडलेली तार पुन्हा तुटलेली दिसली की ह्यांच्या अंगात वारं संचारायचं. "बघ, लेकाचे माझ्या जॉइंटला तोंड लावत नाहीत, शेजारीच कुरतडतात," असं अभिमानाने सांगायचे. बॉनेटखालचा जप आता रोज ऐकू येऊ लागला. पावसाळाभर मी तोडत होते आणि हे जोडत होते. ह्यांना इतकं आनंदात बघून मला पोळी बंद करवेना, आणि रोज दुपारी जिना उतरताना स्वतःची किळस यायची ती वेगळीच. रविवारी आठ वाजता गाडी दर वेळी सुरू व्हायची. एकही रविवार चुकला नाही.

नवरात्रात खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ह्यांची पक्कड, सोल्डर, मीटर, सगळं घासून-पुसून पाटावर मांडायचं, झेंडूची फुलं वाहायची. त्या वर्षी गाडीचीही पूजा करायची ठरली होती, म्हणून आदल्या दिवशी हे ती साफ करायला बसले. वरवर नाही. बॅटरी काढून, तिच्या खालचा पत्रा काढून, कोपरान् कोपरा. मी झेंडूच्या माळा करायला म्हणून खाली खुर्ची टाकून बसले होते. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की जप थांबला आहे.

हे सरळ उभे राहिले. तळहातावर काहीतरी धरलं होतं. पापडासारखे वाळलेले तीन-चार तुकडे, कडेला कुरतडलेले. एक जवळजवळ अख्खी होती. उंदरांनी बॅटरीमागे साठवलेल्या. त्यांनी तिचा पापुद्रा उलगडून बघितला.

"घडीची पोळी आहे," ते म्हणाले.

मी सुईत दोरा ओवत राहिले. सोसायटीत अर्ध्याहून जास्त घरं बाहेरगावची. कुणाकडे रोट्या, कुणाकडे फुलके. आणि एवढ्या लहान आकाराची तर कुणाकडेच होत नव्हती. चाळीस वर्षं ह्यांनी माझ्या हातची पोळी खाल्ली होती.

मला वाटलं, आता भडकतील. केबलमधला दोष कसा शोधायचा, ते त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं: दोन्ही टोकांकडून मोजत यायचं, मग तुटलेली जागा बरोबर सापडते. ते तेच करत होते, मला दिसत होतं. पोळी. मग मी. मग मला गाडी का नको असावी. मग गाडी कोणाची.

"परत येत नाहीये तो," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मी मान हलवली.

"तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मी डोळे मिटून घेतले. आठ महिने मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालून खाली येऊ दिलं होतं, खुर्चीत बसून क्लच दाबू दिला होता, जोडलेलं तोडलं होतं. काय बोलतील त्याला मी पात्र होते. मी मनाची तयारी केली.

"आठ महिने," ते म्हणाले. "आणि तू एकटीच होतीस?"

मी सगळ्याला तयार होते, ह्याला नव्हते. मुलगा येणार नाही हे ऐकल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. वेळच मिळाला नव्हता; ह्यांच्यापासून लपवायचं होतं ना. झेंडूची टोपली मांडीवरून घसरली आणि मी तिथेच, दिवसाढवळ्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर रडले. ह्यांचे हात काळेकुट्ट होते. माझी साडी खराब होऊ नये म्हणून त्यांनी मला नुसत्या मनगटांनी धरलं आणि वेडेवाकडे तसेच उभे राहिले.

रविवारी आठला आम्ही खाली गेलो. फोन वाजला तो मी घेणार, एवढ्यात ह्यांनीच घेतला. गाडी सुरू केली नाही. "अरे, घर घेताय ना तिथे?" त्यांनी विचारलं. "कागदपत्रं वकिलाला दाखव. आणि वायरिंग स्वतः बघून घे, दुसऱ्यावर सोडू नकोस. काही अडलं तर मला फोटो पाठव, मी सांगेन कुठली तार कुठे जाते ते."

मग त्यांनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. मुलगा रडत होता. बरंच रडला. हे एका हाताने स्टिअरिंग धरून बसले होते आणि सारखं म्हणत होते, "अरे असू दे, असू दे. आहे मी. ऐकतोय."